डाव्या अंगाचं वजन

"पडलं? पडू दे. का पडलं ते सांग."

हे म्हणताना ताई चष्मा मनगटानं वर ढकलायच्या. बोटांना कायम काळी शाई लागलेली असायची, म्हणून मनगट. आमच्या ऑफिसात काहीही पडो, चहाचा कप, कापडाचा बाजार किंवा शेठचा चेहरा, त्यांचा प्रश्न ठरलेला. आम्ही बाकीचे आधी कुणी पाडलं ते शोधायचो. तुम्ही कुठल्याही ऑफिसात चार दिवस काढले असतील, तर या दोन प्रश्नांत किती अंतर आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सुरतेत पर्वत पाटिया नावाच्या भागात साडीछपाईची डिझाइनं करणारा आमचा स्टुडिओ होता. साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. दुसरा मजला, चार कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि देव्हाऱ्यासारखा कापडानं झाकून ठेवलेला एक प्रिंटर. कागदावर रंगवून आलेली नक्षी आम्ही कॉम्प्युटरवर घ्यायचो, तिच्यातला एकेक रंग सुटा करायचो आणि प्रत्येक रंगाची काळी फिल्म काढायचो. मग ती फिल्म पलसाण्याच्या मिलमध्ये छपाईला जायची. जाण्याआधी ताई ती दिव्याच्या काचेवर पसरून बघायच्या. टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी साडीवर ठिपका उठतो. ते भोक ब्रशानं शाई लावून बुजवायचं, हे त्यांचं काम.

त्या मूळच्या पारोळ्याकडच्या. आधी एका जकार्डच्या कारखान्यात ग्राफ बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायच्या. त्या कार्डांवरून माग नक्षी विणतो. कारखान्यात नवी मशिनं आली आणि कार्डं गेली. "बारा वर्षं भोकं पाडली, आता बुजवते," असं त्या हसून सांगायच्या. वय चाळिशीचं. मी नंदुरबारचा म्हणून मला 'भाऊ' म्हणायच्या आणि डब्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून द्यायच्या.

एकदा साडीच्या काठावरच्या प्रत्येक कोयरीवर केसासारखी रेघ उठली. मिलवाल्याचा फोन, शेठची आरडाओरड. मी हितेशकडे बोट दाखवलं, हितेशनं स्कॅनर विकणाऱ्याकडे. हितेश म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार ऑपरेटर, कतारगामचा. डोक्यावर दाट केस आणि त्यांचा अभिमान. ताईंनी कुणाचंच ऐकलं नाही. फिल्म, कॉम्प्युटर, स्कॅनर असं एकेक पाऊल मागे मागे जात शेवटी स्कॅनरची काच उघडली आणि चिमटीत काहीतरी धरून हितेशसमोर आल्या.

"हितेशभाई, तुमचा एक केस तीनशे बायका नेसणार होत्या."

त्यानंतर हितेश त्यांना मानायला लागला.

शेठ दुपारी एकला घरी जेवायला जायचे आणि वामकुक्षी आटोपून तीनला यायचे. ते दोन तास हितेशच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचा गेम चालायचा. जुन्या महायुद्धातली विमानं. पण लढाऊ विमानं उडवून हितेशचं समाधान होईना. त्याची नजर गेली एका ढेरपोट्या मालवाहू विमानावर. दोन पंखे, जाड पोट, हत्यार एकही नाही. सायबर कॅफेत त्यानं वाचलं होतं, की परदेशातले हौशी लोक अशा मालवाहू विमानांना बंदुका बसवून गनशिप करतात. बंदुका डाव्या दारातून बाहेर काढायच्या आणि विमान डावीकडे कलतं ठेवून निशाण्याभोवती घिरट्या घालायच्या. गेममधल्या विमानाचा सगळा तपशील साध्या फायलींत आकड्यांच्या रूपात होता. आकडे बदलले की विमान बदलायचं.

आम्ही सहा बंदुका डाव्या बाजूला लावल्या. विमान धावलं, उठलं, डावीकडे कललं आणि शेतात जाऊन पडलं. दुसऱ्या दिवशी पडलं. तिसऱ्या दिवशीही.

"ल्यो, फरी पडी गयुं!" हितेश टेबलावर हात आपटून म्हणाला. "गेमच डबा आहे."

कोपऱ्यात जेवत असलेल्या ताई डबा बंद करून उठल्या.

"पडलं? का पडलं ते सांगा."

"ताई, हे विमान आहे. फिल्म नाही."

"ते दिसतंय मला. तुम्ही काय काय बदललं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काय काय बदललं ते आम्हालाही नीट आठवत नव्हतं. ताईंनी ग्राफची एक वही आणली आणि आम्हाला सगळं लिहायला लावलं. एका वेळी एकच आकडा बदलायचा, तो लिहायचा, मग विमान उडवायचं. बंदुकीची जागा तीन आकड्यांनी ठरायची: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. ताईंना ते समजायला पाच मिनिटं लागली. "ग्राफला दोन दिशा असतात, याला तिसरी आहे. एवढंच ना?"

मग त्यांनी विचारलं, "हे आधी काय वाहायचं?"

"माल."

"मग टेम्पोच की हा! टेम्पोत सगळ्या गाठी एका अंगाला भरल्या तर तो सरळ चालेल का? डाव्या अंगाला बंदुका ठेवल्या, उजव्या अंगाला काय ठेवलं?"

काहीच ठेवलं नव्हतं. आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचे दीड-दोन महिने ते विमान ताईंचं झालं. त्यांनी कधी ते स्वतः उडवलं नाही. हितेश उडवायचा, मी आकडे बदलायचो, त्या मागं उभ्या राहून वहीत लिहायच्या. विमान पडलं की हितेश शिवी घालायचा आणि ताई खुलायच्या, कारण पडल्यावरच काहीतरी कळायचं. त्यांनी उजव्या पंखात जास्त पेट्रोल भरून डाव्या बंदुकांचा तोल साधला. एका मंगळवारी विमान उठलं, डावीकडे कललं आणि तसंच कलून एका पुलाभोवती गोल गोल फिरत राहिलं. सहाही बंदुका पुलावर. हितेश खुर्चीवर उभा राहिला. ताईंनी एकदा बघितलं आणि त्या हात धुवायला गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते की तोंड धुतलं होतं, ते मी विचारलं नाही.

विमान इंटरनेटवर चढवायचं ठरलं. बनवणाऱ्याचं नाव द्यावं लागायचं. ताई म्हणाल्या, "माझं नाव कशाला? पर्वत पाटिया लिहा." हितेशनं तसंच लिहिलं. पंधरा दिवसांत परदेशातून पत्रं आली. सगळी 'डिअर मिस्टर पाटिया' अशी सुरू होणारी. आम्ही हसून लोळलो. पुढे कितीतरी दिवस शेठची पाठ फिरली की हितेश ताईंना 'पाटियासाहेब' म्हणायचा.

एका पत्रात तक्रार होती. विमान तासभर छान चालतं, मग हळूहळू डावीकडे ओढायला लागतं. आम्ही तर वीस मिनिटांच्या वर कधी उडवलंच नव्हतं. हितेशला राग आला. ताईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"खरं सांगतोय तो. पेट्रोल जळणारच. जळून जाणाऱ्या वजनावर मी भरवसा ठेवला, ही माझी चूक."

पेट्रोल दोन्हीकडे सारखं करून त्यांनी उजव्या अंगाला न हलणारं वजन ठेवायला लावलं. त्या माणसाला आभाराचं पत्रही लिहायला लावलं. हितेशनं ते मिस्टर पाटियाच्या सहीनं पाठवलं.

इतकं सगळं टेम्पोच्या भाषेत कळणारी ही बाई कोण, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. एका संक्रांतीला त्यांनी मला डिंडोलीला घरी बोलावलं, तेव्हा कळलं.

घरात दाजी होते, म्हणजे ताईंचे यजमान. भिंतीला टेकून साड्यांच्या घड्या करत बसले होते. शेजारी घडी केलेल्या साड्यांची चळत, अगदी ओळंब्यात लावलेली. माझ्याशी दोन शब्द बोलले आणि पुन्हा घडीकडे वळले. परत निघालो तेव्हा ताई रिक्षापर्यंत पोचवायला आल्या आणि चालता चालता त्यांनी सांगितलं.

दाजी टेम्पो चालवायचे. कोऱ्या कापडाच्या गाठी पलसाण्याच्या मिलला न्यायचे. लग्नानंतर दोन वर्षं ताईही त्यांच्यासोबत जायच्या, गाठी मोजायला. सहा वर्षांपूर्वी हायवेवर, मिलपाशीच, भर दुपारी टेम्पो उलटला. गाठींवर बसलेला ओरिसाकडचा एक हमाल जागच्या जागी गेला. दाजींच्या डोक्याला मार लागला. दोन दिवसांनी शुद्धीवर आले, तेव्हा सगळ्यांचं ठरून गेलं होतं: ड्रायव्हरला डुलकी लागली. त्यांनीही मान डोलावली. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. टेम्पोत बसतसुद्धा नाहीत, मार्केटला साड्या पोचवायच्या तर डोक्यावर घेऊन पायी जातात.

"मी त्यांना विचारलं, तुम्हाला झोप लागल्याचं आठवतं का? तर म्हणे, नाही. म्हटलं, मग? तर म्हणे, आठवत नाही, म्हणजे झोपच की." ताई थांबल्या. "भाऊ, मला नाही माहीत काय झालं ते. झोप लागलीही असेल. पण सहा वर्षं झाली, त्यांनी एकदाही स्वतः विचार करून सांगितलेलं नाही. लोकांनी सांगितलेलंच सांगतात."

नंतर एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "उद्या ऑफिस उघडाल का? यांना विमान दाखवायचंय." किल्ली माझ्याकडे असायची. हितेशलाही बोलावलं.

रविवारी दुपारी दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टुलाच्या कडेवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. ताई म्हणाल्या, "हितेशभाई, पहिलं विमान लावा. पडायचं ते."

पहिलं बिघडलेलं विमान आम्ही ठेवून दिलं होतं. हितेशनं ते उठवलं. सरळ जात होतं तोवर त्यानं कसंबसं सावरलं. डावीकडे वळवलं आणि ते कलत गेलं, कलत गेलं आणि शेतात पडलं. दाजींनी चेहरा वळवला. मला ताईंचा राग आला. हे असलं दाखवायला माणसाला इथवर आणायचं?

ताई अहिराणीत म्हणाल्या, "दखा. सगळं वजन डाव्या अंगाला. चालवणाऱ्यानं काहीबी केलं तरी वळणावर पडणारच. तुमचा टेम्पोबी असाच पडला असंल."

दाजींनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "उलटं आहे."

"काय उलटं?"

"विमान वळताना आत झुकतं. टेम्पो वळताना बाहेर रेलतो. डाव्या अंगाला माल असला तर टेम्पो डावीकडे वळताना नाही पडत. उजवीकडे वळताना पडतो." आवाज बारीक होता, पण सांगत होते ते एखाद्या उस्तादासारखं. "तुला माहीत नाही. तू गाठी मोजायचीस."

आपली चूक निघाली की ताईंच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आलं. आनंदच म्हणायचा तो.

"मग तुम्ही दाखवा."

दाजींनी इकडेतिकडे बघितलं. फिल्मच्या खोक्याचं एक झाकण पडलं होतं, ते ओढून घेतलं. शाईच्या बाटल्या एकेक करून त्यात ठेवायला लागले. सगळ्या डावीकडे. मधेच थांबून म्हणाले, "उजव्या बाजूची फळी मोडकी होती. म्हणून गाठी इकडे लावल्या. मी म्हटलं होतं भरणाऱ्याला, कलतंय. तो म्हणाला, दहा मैल तर जायचंय." मग झाकण टेबलावरून सरकवायला लागले, हळूहळू, सरळ. "हा हायवे. मिल उजव्या हाताला. समोरून ट्रक येत होता, तो जाऊ दिला. मग..."

त्यांनी झाकण उजवीकडे वळवलं. हात तिथंच थांबला.

ताई हळूच म्हणाल्या, "मी बघून आले होते तेव्हा. टेम्पो डाव्या अंगावर पडला होता. मिलच्या रस्त्यावर, तोंड गेटकडे."

हितेश म्हणाला, "पण दाजी, झोपलेला माणूस ट्रकला जाऊ देऊन वळण कसं घेईल?"

दाजींनी त्याच्याकडे बघितलं. मग टेबलावरच्या झाकणाकडे. मग ताईंकडे.

"मी झपेल नव्हतू," ते म्हणाले. आणि पुन्हा, मराठीत, जणू हितेशलाही कळावं म्हणून, "मी झोपलो नव्हतो."

मला वाटलं, आता संपलं. माणूस सुटला. पण दाजींनी शाईच्या बाटल्या काढून पुन्हा जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "कलतंय हे मला माहीत होतं. तरी गाडी काढली. ती चूक माझी. त्या पोराच्या भावाला मी हे सांगायला पाहिजे."

ताईंनी नको म्हटलं नाही. "जाऊ," एवढंच म्हणाल्या.

हमालाचा भाऊ सुरतेजवळच्या सचिन गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायचा. पुढच्या रविवारी दोघं तिकडे गेले. सोमवारी ताईंनी दिव्याच्या काचेवर वाकूनच मला सांगितलं. गोदामात दाजींनी हात जोडले आणि बाटल्यांसारखीच सगळी हकिगत मांडली. तो भाऊ गाठीवर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हम लोगों को पहले से मालूम था. माल एक तरफ था, सब हमाल बोल रहे थे. पर हमसे किसी ने पूछा ही नहीं." मग त्यानं दाजींना पाणी दिलं.

"सहा वर्षं मी घरात विचारत बसले," ताई म्हणाल्या. "हमालांना विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नाही." आणि फिल्मवर एक भोक बुजवलं. जरा जास्तच शाई लागली. ती पुसत बसल्या.

त्यानंतर दाजी सचिनला जायला लागले. त्या भावाच्याच सांगण्यावरून गोदामात त्यांना काम मिळालं: गाडी भरताना उभं राहायचं आणि माल कसा लावायचा ते सांगायचं. म्हणे फार कटकट करायचे. गाठी उतरवून पुन्हा लावायला लावायचे. हमाल वैतागायचे, पण तो भाऊ त्यांच्या बाजूनं उभा राहायचा.

वर्षभरात दोघांनी घरही तिकडेच नेलं. डिंडोलीहून पर्वत पाटिया जवळ होतं, सचिनहून रोज येणं जमेना. ताईंनी काम सोडलं. जाताना ग्राफची वही हितेशला दिली. शेठनं त्यांच्या जागी दुसऱ्या मुलीला ठेवलं. ती चांगली होती, पण पुढची दोन वर्षं साड्यांवर ठिपके उठत राहिले आणि आम्ही ते कुणी उठवले यावर भांडत राहिलो. हितेश नंतर अमरोलीला स्वतःचा स्टुडिओ काढून गेला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सचिनच्या औद्योगिक वसाहतीत. एका मिलमध्ये नमुने दाखवायला गेलो होतो आणि बाहेर टपरीवर चहा घेत उभा होतो. रस्त्यानं एक टेम्पो येत होता. इतका सावकाश, की मला वाटलं बंद पडलाय आणि कुणीतरी मागून ढकलतंय. मागं रिक्षा, ट्रक, मोपेड यांची रांग लागली होती आणि हॉर्नचा नुसता कालवा. गाठी दोन्ही अंगांना सारख्या, वर दोर घट्ट ओढलेला. स्टिअरिंगवर दाजी होते, दोन्ही हातांनी ते धरून, पुढं वाकून, नजर रस्त्यावर रुतवलेली. शेजारी ताई बसल्या होत्या. मी हाक मारली, पण हॉर्नमध्ये ती कुठली ऐकू जायची! त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता आणि मागच्या गाड्यांना खुणा करत होत्या: जा, तुम्ही पुढं जा. आधी सायकली पुढं गेल्या, मग एक हातगाडीसुद्धा. ताई प्रत्येकाला हात करत होत्या, अगदी निवांतपणे, घरी आलेल्या पाहुण्यांना वाट दाखवावी तसा.